झाकली मूठ

वास आधी सिस्टरना आला. मला आलाच नव्हता. किंवा आला असेल आणि मी तो त्या खोलीतल्या बाकीच्या वासांच्या खात्यात जमा करून टाकला असेल. डेटॉल, पावडर, कोमट खोबरेल, रबरी शीट, रात्रभराचा डायपर, आणि या सगळ्यावर मावशी सकाळी लावतात ती मोगऱ्याची उदबत्ती. माणूस अंथरुणाला खिळून आठ-दहा महिने झाले की घरच्यांच्या नाकाला त्याचं काही वाटेनासं होतं. सिस्टर आठवड्यातून दोनदा अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, टाचेचं ड्रेसिंग करायला यायच्या. त्या दिवशी ड्रेसिंग झालं, हातमोजे काढता काढता त्या थांबल्या, उशीकडे वाकल्या, पुन्हा एकदा वास घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, यांचा डावा हात शेवटचा कधी उघडला होता?"

"रोज पुसते की," मी म्हटलं.

"पुसता हो. उघडता का?"

अण्णांची डावी मूठ दिवाळीच्या सुमारास मिटली ती मिटलीच. आधी बोटं नुसती आत वळलेली असायची, पेला धरल्यासारखी. मग अंगठा बोटांच्या आत गेला, तान्ह्या बाळाचा जातो तसा. मनगट आत वळलं, कोपर छातीशी आलं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात स्नायू आखडतात, सांधे धरतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. होतं म्हणजे होतं, एवढंच मी त्यातून घेतलं. रोज सकाळी कोमट पाण्यात पंचा पिळून मी ती मूठ बाहेरून पुसायची, कोरडी करायची, वरून पावडर भुरभुरायची. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पुसावा, तशी. आत काय चाललंय ते बघायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

सिस्टरनी लहान टब मागितला. कोमट पाण्यात मूठ दहा मिनिटं बुडवून ठेवली. मग बोटांना अजिबात हात न लावता त्यांनी मनगट धरलं आणि ते आणखी आत, तळव्याच्या बाजूला वाकवलं. मला वाटलं, उलटंच करताहेत. पण मनगट वाकलं तशी बोटं आपोआप सैल पडली, कुणी आतून दोरी सोडल्यासारखी. "बोटांची टोकं धरून कधी ओढायचं नाही. ओढलं की ती जास्त आवळतात. मनगट वाकवायचं, अंगठा बुडाशी धरून बाजूला घ्यायचा, मग करंगळीपासून एकेक," त्या सांगत होत्या. मी बघत होते. तळहाताची कातडी पांढरीफटक, भिजून सुरकुतलेली, धुणं धुतल्यावर आपली होते तशी, पण त्याहून कितीतरी जाड. त्यावर चार चंद्रकोरी. तीन लाल आणि मधल्या बोटाखालची पिवळट, कारण ते नख आतच रुतलं होतं आणि तिथे पू धरला होता. घड्यांमध्ये मळाचा थर, आणि त्या मळात गुंडाळलेला एक हिरवा दोरा. अण्णांच्या अंगावरच्या गोधडीचा असणार. गोधडी सासूबाईंच्या लुगड्यांची आहे, तेव्हा क्षणभर मला भलतंसलतं वाटून गेलं. पण दोरा तो, कशाचाही असू शकतो.

नख काढताना अण्णांच्या तोंडून एक लांब "ऊं" निघाला. मग श्वास सुटला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे झाकलेल्या मुठीत तीन आठवड्यांचं दुखणं होतं आणि आम्ही त्यावर पावडर लावत होतो.

त्या तीन आठवड्यांबद्दल सांगायला हवं. जानेवारी होता. निफाडकडचा पारा पाच-सहावर आला की नाशिकरोडलाही पहाटे हाडं वाजतात, तशी थंडी. रात्री साडेबारा-एकच्या सुमाराला अण्णांचं सुरू व्हायचं. ओरडणं नाही, रडणंही नाही. एकाच सुरात "ऊं… ऊं… ऊं…". मध्येच स्टेशनातून गाडी निघाल्याची शिट्टी यायची, तेवढ्यापुरते थांबायचे, मग परत. सकाळी अंग पुसायला गेलं की उजव्या हाताने पंचा ढकलायचे. मावशी म्हणायच्या, "ताई, आज अण्णा लई चिडलेत." आम्ही सगळे म्हणायचो, आजार वाढला. या आजाराची ही एक मोठीच सोय आहे. काहीही झालं की ते त्याच्या नावावर टाकता येतं. दुसऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याने रात्रभर कण्हून काढली असती तर आपण विचारलं असतं, पोटात दुखतंय का, दाढ ठणकतेय का, लघवीला अडतंय का. अण्णांच्या बाबतीत कुणी विचारलं नाही. त्यांचं दुखणं ठरलेलं होतं ना.

मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, "रात्री फार त्रास देतात हो." हे माझंच वाक्य. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मी "त्यांना त्रास होतोय" म्हटलं असतं, तर कदाचित त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. मी सांगितलं ते ऐकून त्यांनी झोपेच्या गोळीचा डोस वाढवला, आणि तो ज्या माहितीवर वाढवला ती माहिती माझी होती. गोळीने काम केलं. अण्णा गप्प झाले. दिवसाही डोळे अर्धे मिटलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, घास तोंडात घेऊन तसाच धरून ठेवायचे. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "किती शांत झालेत हो आता!" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सलग चार रात्री झोपले मी. मुठीत नख तसंच रुतत होतं.

त्या हातांना एक इतिहास आहे. अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. १९२८ पासून इथे नोटा छापतात आणि तेव्हापासून नाशिकरोडचं निम्मं गाव प्रेसच्या भरवशावर लग्नं ठरवत आलंय. अण्णांचं काम तपासणीचं. छापून आलेले कागद बघायचे, कुठे शाई फुटलीय, कुठे नक्षी सरकलीय, ते वेगळे काढायचे. ते म्हणायचे, "डोळ्याला नंतर कळतं, आधी बोटाला कळतं." घरी पोळ्यांची चवड पुढे आली तरी अंगठ्याने कडा फर्रकन उलटून बघायचे. लग्न होऊन नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला ते फार विचित्र वाटलं होतं. सासऱ्यांनी पोळ्या मोजल्या असंच मी माहेरी सांगितलं. त्यांची आणखी एक बढाई होती. सुटीच्या वेळी गेटवर झडती व्हायची, आणि ते सांगायचे, "लाखो नोटा या हाताखालून गेल्या आणि रोज संध्याकाळी हात उघडे दाखवून घरी आलो." सांगताना दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. रुंद, कोरडे पंजे. अंगठ्याच्या पेरावरची कातडी गुळगुळीत झालेली.

विसरायला लागले तेव्हाही हात आधी बोलले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. एकदा सकाळी सहाला डबा हातात घेऊन गेटवर जाऊन उभे राहिले. गेटवरच्या एका भल्या माणसाने चहा पाजून रिक्षात घालून पाठवलं. डब्यात काय होतं? घडी करून ठेवलेला रुमाल. २०१६ च्या नोव्हेंबरात सगळा देश रांगेत उभा होता तेव्हा माझ्या नवऱ्याने नवी कोरी दोन हजारांची नोट कौतुकाने त्यांच्या हातात दिली. त्यांनी कोपरा चोळला, उजेडात धरली, उलटी केली आणि परत केली. "ही आपली नाही." नंतर मग वर्तमानपत्रं आली. जुन्या पेपरचे चौकोन करून मोजत बसायचे, शंभर झाले की दोरा बांधायचे, सोडायचे, पुन्हा मोजायचे. माझी चिडचिड व्हायची, खोलीभर कागद. आता वाटतं, तो त्यांचा सगळ्यात सुखाचा काळ होता. मोजायला काहीतरी होतं.

शब्द गळत गेले. डॉक्टरांकडे या आजाराची सात पायऱ्यांची एक मोजपट्टी असते. सातवी शेवटची, आणि तिच्यातही पोटपायऱ्या: दिवसभरात जेमतेम पाच-सहा शब्द उरतात, मग एकच, मग चालणं जातं, आधाराशिवाय बसणं जातं, हसू जातं, शेवटी मान धरणंही. ते वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, हसू हे यादीत कसं, ते काय अवयव आहे का. आहे, म्हणे. अण्णांकडे जो एक शब्द उरला तो होता "बरं". जन्मभर तोच सगळ्यात जास्त वापरला होता त्यांनी. सासूबाई काही सांगत असल्या की पेपरातून डोकं न काढता "बरं". तोच टिकला. जेवता का? बरं. ऊन लागतंय का? बरं. डॉक्टर वाकून मोठ्याने विचारायचे, "अण्णा, कुठे दुखतंय का?" आणि अण्णा शहाण्या मुलासारखे म्हणायचे, "बरं." डॉक्टर आमच्याकडे बघून हसायचे, आम्हीही हसायचो.

आम्ही त्या शब्दावर विश्वास ठेवला. नंतर तोही गेला.

एक गोष्ट लिहू की नको असं करत होते, पण लिहितेच. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तोवर मी अण्णांच्या हाताला कधी हात लावला नव्हता. पायांना हजारदा लावला असेल, सणावाराला, गावाला जाताना, मुलाच्या निकालाच्या दिवशी. हाताला नाही. चहाचा कप टेबलावर ठेवायचा, औषधाची गोळी झाकणात द्यायची. आमच्याकडे सासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसते एवढी सुधारणा होती, पण अंगाला अंग लागत नाही. आणि मग एक दिवस मी त्यांचा डायपर बदलत होते. पहिल्या वेळी दोघांनीही डोळे मिटून घेतले होते. त्यांना तेव्हा काय कळत होतं मला ठाऊक नाही, पण मिटले होते खरे. गंमत बघा, त्या सगळ्याची हळूहळू सवय झाली, हाताची मात्र नाही. कंबर धरून कूस बदलायचे मी निर्धास्त. मूठ उघडायची म्हणजे बोटात बोटं घालायची. मला वाटतं, मूठ बाहेरून पुसण्यामागे माझं अज्ञान होतं तसा हा संकोचही होता. सिस्टरना हे मी सांगितलं नाही.

सिस्टरनी त्या दिवशी जाताना मला एक गृहपाठ दिला. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं बघून मोजायची एक पद्धत आहे, २००३ साली अमेरिकेत खास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी केलेली. पाच गोष्टी बघायच्या. श्वास कसा चाललाय. तोंडातून आवाज कसला येतोय. चेहरा: कपाळाला आठ्या, दात आवळलेले? अंग: गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, ढकलाढकली? आणि पाचवी, जवळ बसून बोललं, हात फिरवला तर निवतात की नाही. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहापैकी. मी तीस वर्षं शाळेत मार्क देत आले, त्यामुळे हे लगेच जमलं. दोनशे पानी वही घेतली, समास आखला. सकाळ, दुपार, रात्र. पहिल्या दिवशी रात्री अण्णांना दहापैकी सात पडले आणि सवयीने माझ्या मनात आलं, वा, प्रथम श्रेणी. मग मीच दचकले.

डॉक्टरांनी, हे दुसरे, घरी येऊन बघणारे, मुठीचं ऐकून घेतलं, झोपेची गोळी उतरवत नेली आणि साधं पॅरासिटामॉल चालू केलं, पण दुखलं की नाही, तर वेळ ठरवून. अण्णांना "दुखलं" म्हणता येणार नव्हतं, तेव्हा दुखण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. त्यांनीच सांगितलं, नॉर्वेमध्ये १८ नर्सिंग होममधल्या ३५२ जणांवर एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. चिडणाऱ्या, ओरडणाऱ्या, मारायला धावणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवडे पद्धतशीर दुखण्यावरचं औषध दिलं, त्यातही बहुतेकांना नुसतं पॅरासिटामॉलच. त्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. म्हणजे बऱ्याच जणांचं वेड हे वेड नव्हतंच, कुठेतरी काहीतरी दुखत होतं. तापाची गोळी! ती आमच्या फ्रिजवरच्या डब्यात अख्ख्या महिनाभर पडून होती.

आठवड्याने अण्णा चारवर आले, मग दोनवर. एके दिवशी पुन्हा सहावर गेले आणि या वेळी मी डॉक्टरांना फोन करण्याआधी वही उघडली. चार दिवस संडास झाली नव्हती. पातळ औषध, एनिमा, आणि दुपारी दोनला अण्णा दहापैकी एकवर. त्या दिवशी मी आणि मावशी इतक्या खूश होतो की मावशींनी कांद्याची भजी तळली. बाहेरच्या माणसाला हे सांगता येत नाही. पुण्याहून जाऊबाईंचा फोन आला, "काय विशेष?" तर काय सांगणार!

खाण्यावरून मात्र घरात तोंडं फिरली. अण्णा गिळायचं विसरत चालले होते. घास तोंडात फिरत राहायचा, पाणी घेतलं की ठसका. पाणी आम्ही घट्ट करून द्यायला लागलो, पेजेसारखं. बसतं करून, हनुवटी जरा खाली, अर्धा चमचा, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की पुढचा. एका वाटीला पाऊण तास. पुण्याच्या भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर अण्णांचे गाल बघितले आणि आवाज चढवला, "वहिनी, नाकातून नळी घाला. उपाशी मारणार आहात का त्यांना?" मारणार आहात का. मी फोन नवऱ्याकडे दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कोथिंबीर निवडत बसले. भाऊजी वाईट नाहीत. लांब असलेल्या मुलाला काहीतरी करायचं असतं, आणि नळी ही करण्यासारखी गोष्ट आहे. चमचा धरून पाऊण तास बसणं लांबून करता येत नाही.

डॉक्टरांनी रविवारी दोघा भावांना समोर आणि फोनवर घेऊन समजावलं. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, न्यूमोनिया टळत नाही, जखमा लवकर भरत नाहीत. शिवाय माणूस नळी उपसतो, म्हणून मग हात बांधावे लागतात. हात बांधायचे म्हटल्यावर माझा नवरा एकदम म्हणाला, "नाही." तेवढंच बोलला तो त्या बैठकीत. डॉक्टरांनी हेही सांगितलं की अमेरिकेत ३२३ रुग्णांवर दीड वर्ष नजर ठेवली होती, तर त्यातल्या जवळजवळ ८६ टक्क्यांना खाण्यापिण्याची हीच अडचण आली आणि निम्म्याहून जास्त त्या दीड वर्षात गेले. म्हणजे खात नाहीत म्हणून चाललेत असं नाही. चाललेत म्हणून खात नाहीत. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अण्णांनी काही लिहून ठेवलंय का?" नव्हतं. अशी इच्छा लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये त्यातली किचकट कलमं सोपी केली. अण्णा तोवर स्वतःची सही विसरून गेले होते.

पण चव गेली नव्हती. फेब्रुवारीत द्राक्षांचा हंगाम भरात असतो, बिटकोला हातगाड्यांवर ढीग. अण्णांना द्राक्षं जीव की प्राण. अख्खं द्राक्ष देणं म्हणजे घशात गोटी घालण्यासारखं, म्हणून मी एक द्राक्ष सोलून ठेचलं, पट्टीच्या कापडाचा बोळा त्यात बुडवून पिळला आणि ओठांवरून, हिरड्यांवरून फिरवला. अण्णांची जीभ बाहेर आली. मिटक्या मारल्या. दोन, तीन, चार. कपाळ सैल झालं. वहीत अशा गोष्टीला रकाना नव्हता, मी समासात लिहिलं: द्राक्ष, चार मिटक्या. त्यानंतर रोज संध्याकाळी तो कार्यक्रम. बाकी वेळी दर दोन तासांनी ओला बोळा तोंडातून, ओठांना साजूक तूप. दर दोन तासांनी कूस. हवेच्या गादीचा पंप रात्रभर घुर्र घुर्र करत असायचा, आणि डाव्या मुठीत आता एक मऊ नॅपकिन गुंडाळून ठेवलेला असायचा, पोळीची सुरळी करतात तसा. दोन वेळा काढायचा, तळवा धुवायचा, नीट कोरडा करायचा, नवा ठेवायचा. दर रविवारी नखं. मी त्यांचं मनगट वाकवायची, अंगठा बाजूला, मग करंगळीपासून एकेक. चंद्रकोरी भरून आल्या. त्या हातात बोटं घालून बसायचा संकोच कधी गेला ते कळलं नाही. कधीकधी काम झाल्यावरही तशीच बसून राहायची, मोबाइल बघत, दुसऱ्या हाताने.

असं सगळं नीट जमलं होतं असं समजू नका. टाचेची जखम भरली नाही. एका रात्री अलार्म वाजला तो मी बंद केला आणि सरळ झोपून गेले. सकाळी कमरेपाशी लालभडक चट्टा. एका संध्याकाळी चमचा दाताला आपटला कारण मी चिडले होते, कशावरून तेही आठवत नाही. आणि मनात येऊन जायचं, संपू दे आता. त्यांच्यासाठी येत होतं की माझ्यासाठी, हे मी त्या वहीत तपासायला गेले नाही.

मार्चच्या शेवटी ताप आला, छाती भरली. दवाखान्यात न्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं, तरी ती रात्र भारी गेली. तिसऱ्या दिवशी घरघर सुरू झाली. आपल्याकडे पेपरवाल्यांनी हा शब्द अगदी स्वस्त करून टाकलाय, कारखान्याला घरघर, पक्षाला घरघर. खरी घरघर एकदा ऐकली की तो मथळा वाचवत नाही. घशाशी साचलेला ओलावा, प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होतो, गिळताही येत नाही आणि खोकताही येत नाही. डॉक्टर म्हणाले, "ऐकणाऱ्याला जेवढं वाटतं तेवढं आतल्या माणसाला होत नसतं." त्यांनी कुशीवर करायला सांगितलं, डोकं जरा उंच, ओलावा कमी करायचं एक इंजेक्शन, श्वासासाठी मॉर्फिनचा अगदी बारीक डोस. नळी घालून घसा उपसण्याचा हट्ट धरू नका म्हणाले. कुशीवर केल्यावर आवाज खरंच निम्मा झाला. मी वही काढली: श्वास दोन, बाकी सगळीकडे शून्य. चेहरा शून्य. एवढं मी स्वतः बघून लिहिलंय.

आत्याबाई, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, पंचवटीहून आल्या. येताना रामकुंडावरून गंगा भरून आणलेली, पितळी तांब्यात. नाशिकच्या माणसाला गोदावरीला गोदावरी म्हणवत नाही. त्यांनी चमचा भरला आणि मी त्यांचा हात धरला. ठसका लागून आणखी छाती भरली असती. आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या, भावाच्या तोंडात गंगा घालू देत नाही ही बाई! मी बोळा बुडवला, पिळला आणि त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, "आत्या, ओठांवरून फिरवा. हळू." त्यांनी फिरवला. अण्णांची जीभ हलली. आत्याबाई रडायला लागल्या आणि बोळा काही केल्या परत देईनात, दहा-बारा वेळा फिरवला असेल.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मी जागी होते, दोनची कूस बदलून झाली होती, चारची व्हायची होती. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि एकदा पुढचा आलाच नाही. पंप चालू होता. तो बंद केल्यावर खोली केवढी मोठी वाटली.

साडेसातपर्यंत माणसं जमली. आमच्याकडे रंग धुळवडीला नाही, पंचमीलाच, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागे, नखांत गुलाबी-हिरवं राहिलेलं. गावातल्या एका पुतण्याने आदल्या दिवशी रहाडीत, रंगाच्या त्या जुन्या हौदात, उडी मारली होती, त्याचे तर मनगटापर्यंत हात पिवळे. अंघोळ घातली. आत्याबाई म्हणाल्या, हात जोडून द्या छातीवर. उजवा सरळ झाला. डावा होईना. "हातात काय हे फडकं?" म्हणत पुतण्याने ते पिवळे हात पुढे केले आणि बोटांची टोकं धरून ओढायला लागला.

"असं नाही!" मी ओरडलेच. सगळे वळून बघायला लागले. "आधी मनगट वाकवायचं."

"अगं, त्यांना आता काही दुखत नाही," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

मला माहीत होतं. मी खाली बसले, मनगट आत वाकवलं, अंगठा बुडाशी धरून बाजूला घेतला, मग करंगळीपासून एकेक. नॅपकिन काढला. तळहात कोरडा होता. नखं रविवारीच कापलेली होती.